ब्रँडवीची खोकी

वेंडल ब्रँडवीने बापाच्या गॅरेजचं कुलूप कुऱ्हाडीच्या पाठीने फोडलं. किल्ली बहिणीकडे होती आणि बहीण हाकेच्या अंतरावर, स्वयंपाकघरात होती. पण मागून घेणं हा त्याचा स्वभावच नव्हता. दुसऱ्या घावाला कडी निखळून पडली. त्यानंतर आणखी एक घाव त्याने दाराला नुसताच घातला, मनाचं समाधान म्हणून.

सकाळी पिक्वा गावातल्या हॉटेलात अंडी खाता खाता त्याने पेपर उघडला आणि तिथेच सगळं बिनसलं. आतल्या पानावर बापाचा फोटो होता. ऑर्विल ब्रँडवी यांची आयुष्यभराची कागदपत्रं विद्यापीठ म्हणे जतन करणार. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर बारकोड नीट छापायची विद्या ज्यांनी उद्योगाला दिली, ते हे थोर गृहस्थ. वसंतात वारले, आणि आज दुपारी विद्यापीठाची गाडी येऊन सगळा संग्रह घेऊन जाणार. 'शांत, काटेकोर, मृदुभाषी,' असं बातमीत लिहिलं होतं. मृदुभाषी हा शब्द वाचला आणि वेंडलने समोरची बशी भिंतीवर फेकली. शेजारच्या टेबलावरचा माणूस "अहो, जरा!" एवढंच म्हणाला, तर त्याला खुर्चीसकट उताणा पाडला. मग पेट्रोल पंपावर थांबून डबा भरून घेतला आणि तो थेट इथे आला.

वेंडल हा असाच. अठ्ठेचाळीस वर्षांचा, घरांची छपरं घालणारा, एकाचा जबडा मोडल्याबद्दल तुरुंगात राहून आलेला. बायको सोडून गेली, मुलगा फोन उचलत नाही. गावात त्याच्याशी कोणी वाकडं बोलत नाही आणि सरळही बोलत नाही.

गॅरेजमध्ये छतापर्यंत खोकी रचलेली होती. समित्यांची इतिवृत्तं, चाचण्यांचे अहवाल, धंद्यातल्या साप्ताहिकांचे गठ्ठे, लेबलांचे नमुने, आणि काळ्या रेघा छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे. बापाने आयुष्यात एक चिठोरं फेकलं नव्हतं. ऑर्विल ब्रँडवीने पुठ्ठ्याच्या कारखान्यात सुरुवात केली ती खोकी फोडण्याच्या कामावर. खोकं पाडायचं, दाबायचं, हादरवायचं आणि आतला माल वाचतो का ते बघायचं. मग सत्तरच्या दशकात दुकानदारांना खोक्यांवर बारकोडच्या रेघा हव्या झाल्या आणि तो त्या रेघांच्या हात धुऊन मागे लागला. तपकिरी पुठ्ठा शाई पितो, रेघ फुगते, दोन रेघांमधली फट बुजते आणि यंत्राला काही वाचता येत नाही. ज्या दिवशी यंत्र वाचायचं नाही त्या दिवशी ऑर्विल घरी यायचा, कोट खुंटीला लावायचा आणि अगदी हळू आवाजात म्हणायचा, "वेंडल, गॅरेजमध्ये चल."

खोकं पाडायचीही एक पद्धत असते. ते कसंही आपटून चालत नाही. आधी त्याचा सगळ्यात दुबळा कोपरा शोधायचा, जिथे पुठ्ठा जोडलेला असतो तो, आणि खोकं त्याच्यावर पाडायचं. मग त्या कोपऱ्याला भिडणाऱ्या तीन कडांवर. मग सहा बाजूंवर. हाच क्रम, दर वेळी. वेंडलचा डावा कोपर लहानपणी सायकलवरून पडून मोडला होता. तो जुळून आल्यापासून ऑर्विल पोलादी फूटपट्टीने तिथूनच सुरुवात करायचा. पोराने कुशीवर पडायचं, डोकं हातांत घ्यायचं आणि स्वतःच्या तोंडाने म्हणायचं: कोपरा, पहिली कड, दुसरी कड. एखादं चुकलं की पुन्हा कोपऱ्यापासून. वर घरात आई व्हॅक्यूम क्लीनर लावून गालिचा साफ करत बसायची. या क्रमाबद्दल वेंडल जन्मात कोणाजवळ बोलला नव्हता, बायकोजवळसुद्धा नाही.

"वेंडल! काय चाललंय हे?"

मार्लीन दारात उभी होती. त्याच्याहून दोन वर्षांनी धाकटी. एका हातात पॅकिंगच्या टेपचं पिस्तूल, दुसऱ्या मनगटाला पट्टा. महिनाभर एकटीने खोकी उतरवून, भरून, चिकटवून तिचं मनगट सुजलं होतं.

"साफसफाई," वेंडल म्हणाला. "तू दमली असशील ना? म्हटलं, उरलेलं मी करतो."

"तो डबा खाली ठेव."

"ठेवतो ना. रिकामा होऊ दे."

"वेंडल, विद्यापीठाच्या बाई येतीलच आता. मी शब्द दिलाय त्यांना."

"मग येऊ देत की. शेकोटी बघतील." त्याने झाकण उघडलं. "काय गं, पुतळाबितळा बसवणार आहेत का तुझ्या लाडक्या डॅडचा? हार कोण घालणार, तूच ना?"

"कागद आहेत रे नुसते."

"आणि पेपरात काय आलंय? मृदुभाषी! ते कोणी सांगितलं? तूच ना?"

"पेपरवाल्याने विचारलं, आवाज चढवायचे का. मी म्हटलं, कधीच नाही." ती शांतपणे म्हणाली. "चढवायचे का? तूच सांग."

त्या शांतपणाने वेंडलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही बया बापाजवळ शेवटपर्यंत राहिली. त्याचं सूप गाळलं, पाय चोळले, चर्चला नेलं. जेवताना बाप तिच्या ताटात स्वतःच्या हाताने मांसाचा तुकडा वाढायचा, तेव्हा हिला कसला आवाज ऐकू येणार? पन्नाशीला आला तरी वेंडल त्या एका तुकड्यावर जळत होता. त्याने डबा उलटा केला आणि सगळ्यात जवळच्या खोक्यावर पेट्रोल ओतलं.

मार्लीन धावली. तिने डबा खेचला, त्याने तिला ढकललं, ती खोक्यांवर आदळली आणि खोकी कोसळली. रेघांचे पुठ्ठे जमिनीभर पसरले. त्याने खिशातून लायटर काढला. तेवढ्यात ती उठली आणि हातातलं टेपचं पिस्तूल तिने पूर्ण ताकदीने त्याच्या तोंडावर हाणलं. टेप कापायचे लोखंडी दात त्याच्या गालावरून कानापासून ओठापर्यंत ओरबाडत गेले. रक्त त्याच्या शर्टावर, कागदांवर टपकू लागलं.

"घरातून चालता हो!" ती किंचाळली. "नालायका! नेहमी मोडायचंच येतं तुला!"

वेंडलने लायटर टाकला आणि तिला धरलं. त्याने तिचे केस धरले नाहीत, गळा धरला नाही. पट्टा बांधलेलं मनगट धरलं आणि पिरगाळलं. आत काहीतरी ओली फांदी मोडावी तसं मोडलं. मार्लीन ओरडलीसुद्धा नाही, नुसती खाली बसली. त्याने मूठ उगारली. तो खरोखर मारणार होता, इतका मारणार होता की पुन्हा कोणी त्या माणसाचं नाव घेऊ नये.

मार्लीन कुशीवर वळली. गुडघे पोटाशी घेतले, चांगल्या हाताने डोकं झाकलं, आणि तोंडातल्या तोंडात, पाठ केल्यासारखं म्हणाली,

"कोपरा."

वेंडलची मूठ वरच राहिली.

"पहिली कड," ती म्हणाली. "दुसरी कड. तिसरी कड."

तिचे डोळे मिटलेले होते. ती चुकत नव्हती. तिचं सगळं म्हणून झालं आणि ती तशीच पडून राहिली, पुढच्याची वाट बघत.

वेंडल पेट्रोलने भिजलेल्या जमिनीवर मटकन बसला.

"तुला?" तो म्हणाला. "तुला पण?"

मार्लीनने डोळे उघडले. तो मारत नाही हे समजायला तिला बराच वेळ लागला.

"तू बास्केटबॉलला जायचास तेव्हा," ती म्हणाली. "तू परत यायचास तेव्हा मॉम व्हॅक्यूम लावून बसलेली असायची. आठवतं?"

आठवत होतं. मॉमला स्वच्छतेची फार हौस, असं तो आयुष्यभर समजत आला होता. चड्डीवर, घामेजलेला, चेंडू आपटत तो आत यायचा आणि त्या आवाजातून सरळ फ्रिजकडे जायचा.

"माझ्या ताटात तुकडा वाढायचा तो," ती म्हणाली. "ते त्या दिवशीचं असायचं. गॅरेजमध्ये नेलेल्या दिवशीचं."

"मग हे कशाला?" त्याने खोक्यांकडे हात केला. "त्याचं नाव, त्याचा फोटो! जाळायला हवं होतंस तू! मला बोलवायचं, दोघांनी मिळून जाळलं असतं!"

"काडी लावायला आले होते. गेल्या महिन्यात." ती हसल्यासारखी झाली, पण ते हसू नव्हतं. "हातच उठेना. वाटलं, तो येऊन विचारेल. मेलाय रे तो, मीच पुरलाय त्याला, तरी वाटलं. मग मी जाऊन विद्यापीठातली कागद ठेवायची जागा बघून आले. तळघर आहे. थंडगार. खिडकी नाही. बाहेरून कुलूप. आत कोणाला जायचं असेल तर आधी अर्ज करावा लागतो, आणि आत कोणी नुसतं जोरात बोललं तरी हाकलतात. मी म्हटलं, बस्स. तिथे ठेवायचा याला. आणि या घरात याचं एक चिठोरं नको."

वेंडल रडला. गालावरच्या जखमेत मीठ झोंबत होतं, पण त्याने पुसलं नाही. त्याला लाज वाटत होती, इतकी की बहिणीकडे बघवत नव्हतं.

"मनगटच का धरलंस?" तिने विचारलं. "एवढी अख्खी उभी होते मी."

वेंडलने स्वतःचा डावा कोपर उजव्या हाताने धरला. आधी दुबळा कोपरा, हे तिलाही पाठ होतं.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या ग्रेचेन लिंडहोमबाई कापडी हातमोजे घालत आत आल्या आणि दारातच थिजल्या. विखुरलेले कागद, पेट्रोल, रक्तबंबाळ माणूस आणि भिंतीला टेकून बसलेली बाई.

"देवा! मी पोलिसांना बोलवू का?"

"आधी खोकी," मार्लीन म्हणाली. "प्लीज. आधी ही न्या. वेंडल, ऊठ. तू उचल."

तो उठला. भिजलेलं खोकं बाईंनी बाजूला उघड्यावर ठेवायला सांगितलं. वाळवून बघू, म्हणाल्या, आम्ही सहसा काही टाकत नाही. बाकीची त्याने एकेक करून गाडीत नेली. सांडलेले पुठ्ठे गुडघ्यांवर बसून गोळा केले. बाई त्याच्यापासून अंतर राखून, फोन हातात घट्ट धरून उभ्या होत्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

शेवटी त्यांनी मार्लीनसमोर सहीचा कागद धरला. डाव्या हाताने तिने कशीबशी सही केली.

"संग्रहाला नाव काय द्यायचं?" बाईंनी दबकत विचारलं. "काही घरांना वडिलांचं नाव हवं असतं, काहींना नको."

"घाला," वेंडल म्हणाला. "पूर्ण घाला. प्रत्येक खोक्यावर, मोठ्या अक्षरांत. आत कोण आहे ते बाहेरून कळायला पाहिजे."

बाईंनी पेन्सिलीने तसं लिहून घेतलं. त्यांना तो बापाबद्दलचा अभिमान वाटला असावा. दोघांनीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मार्लीन गॅरेजच्या दाराशी उभी होती.

"आता मला हॉस्पिटलात ने," ती म्हणाली. "तिथे विचारतील, काय झालं म्हणून. मी बोलणार नाही. तू सांगायचंस."

"मार्लीन, मी एकदा आत जाऊन आलोय. या खेपेला ते मला..."

"माहीत आहे मला. मॉम काय सांगायची तिथे? आठव."

आई सांगायची, पडला. नेहमी तेच, हसून, पर्स सावरत. आणि डॉक्टर मान डोलवायचे. वेंडलने ट्रकचं दार उघडलं, बहिणीला उचलून आत बसवलं आणि तिच्या सीटचा पट्टा लावून ट्रक हॉस्पिटलकडे काढला.

हॉस्पिटलच्या काउंटरमागे एक जाडजूड नर्स होती. तिने मार्लीनचं मनगट बघितलं, मग वेंडलचा गाल बघितला आणि चष्म्यावरून दोघांकडे बघत सरळ मार्लीनला विचारलं, "हे कसं झालं, बाई?"

मार्लीनने वेंडलकडे बघितलं. वेंडलने टोपी काढली.

"मी मोडलं," तो म्हणाला. "ती पडली नाही. मी धरून मोडलं. मी तिचा भाऊ."

नर्सचा हात फोनकडे गेला. वेंडल भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसला आणि त्याने दोन्ही हात मांडीवर, सगळ्यांना दिसतील असे ठेवले.