मेंढ्याच्या पायातला पट्टा

मित्रांनो, माझी काच फुटली आहे आणि माझ्यावर आता एकही आकडा उमटत नाही, तरी माझं ऐका. मी एक जुना पट्टा आहे, मनगटावर बांधायचा, पावलं मोजणारा. जुना म्हणजे वर्षाचासुद्धा नाही, पण मार एवढा खाल्लाय की म्हातारा झालो.

कारखान्यात जन्मलो आणि खोक्यात बसून भूम तालुक्यातल्या ईट गावी आलो. आरोग्य शिबिरात हुमेरा सिस्टरनी मला मल्हारच्या मनगटावर बांधलं. मल्हार चौतीस वर्षांचा, खताच्या दुकानात दिवसभर खुर्चीत बसणारा. त्याची साखर वाढू लागली होती.

"मल्हारभाऊ, आजार अजून झाला न्हाय, काठावर हाय," सिस्टर म्हणाल्या. "रोज आठ हजार पावलं चाला. आकडा माझ्या मोबाईलवर दिसतो मला. आईचं बघितलंय न्हवं तुम्ही?"

बघितलं होतं. त्याच्या आईचा, धुरपताबाईचा, डावा पाय साखरेनं सडला होता आणि गुडघ्याखाली कापावा लागला होता.

आठ दिवस मल्हार चालला, मग कंटाळला. तो तासभर बसून राहिला की मी थरथरायचो. ते माझं कामच होतं. तो शिवी हासडून मला टेबलावर आपटायचा. एकदा तर काढून भिंतीवर भिरकावलं. काच तडकली, तरी मी थरथरत राहिलो. हा माणूस वाचला पाहिजे, असं मला मनापासून वाटायचं.

एका सकाळी त्याला भलतीच अक्कल सुचली. त्याचे वडील सिदूअण्णा रोज मेंढरं घेऊन माळावर जात. कळपात तुफान नावाचा दांडगा मेंढा होता. मल्हारनं मला त्याच्या पुढच्या पायाला करकचून बांधलं.

"अण्णा, मेंढा हरवला तर मोबाईलवर दिसतोय," त्यानं बापाला थाप मारली. सिदूअण्णांना लेकाचं कौतुकच वाटलं.

मित्रांनो, त्या पायावरचे दिवस आठवले की अजून हादरतो. तुफान बाभळीच्या बुंध्यांना धडका द्यायचा, कुत्र्यांना शिंगावर घ्यायचा. एकदा परक्या कळपातल्या मेंढ्याशी त्याची जुंपली. दोघं मागं सरत आणि धावत येऊन कवटीवर कवटी आदळत. पाचव्या धडकेला समोरच्याचं शिंग मुळापासून उखडलं आणि रक्ताची चिळकांडी माझ्यावर उडाली. तो आडवा झाला तरी तुफान त्याच्या बरगड्या फोडतच होता. माझ्या काचेवर मात्र अक्षरं उमटली, 'शाब्बास मल्हार! आज अठरा हजार पावलं!'

संध्याकाळी कळप घरी आला की तो आकडा मल्हारच्या मोबाईलमध्ये जायचा आणि तिथून सिस्टरकडे. सिस्टर आरोग्य केंद्रात सगळ्यांसमोर त्याचं नाव घेत, टाळ्या वाजत. मल्हार हसून टाळ्या घ्यायचा आणि येताना पावशेर जिलेबी खाऊन यायचा. मला फार लाज वाटायची. मी एकही पाऊल खोटं मोजलं नव्हतं, फक्त पाय कुणाचे ते मला सांगता येत नव्हतं.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. रिपोर्ट घेऊन हुमेरा सिस्टर स्वतः घरी आल्या.

"सिदूमामा, मला कायबी कळंना. सगळ्यांत जास्ती चालणारा माणूस, आन साखर ह्यांचीच काठ ओलांडून गेली. मधुमेह झालाय."

"चालतो? ह्यो?" सिदूअण्णा म्हणाले. "ह्यो तर कोपऱ्यावरच्या दुकानालाबी गाडीवर जातो!"

अंगणात बांधलेल्या तुफाननं पाय झाडला. सिस्टरांची नजर माझ्यावर पडली. "ह्यो आमचा पट्टा मेंढ्याच्या पायात?"

सिदूअण्णांना सगळं कळलं. हातातली काठी पहिल्यांदा मल्हारच्या पाठीत बसली, मग खांद्यावर, मग त्याचा ओठ फुटला.

"तुज्या आईचा पाय म्या ह्या हातानं पुरलाय!" ते ओरडत होते. "आन तू मेंढ्याला चालवतो व्हय रं?"

मल्हार माझ्यावर धावला. मला हिसकून काढून त्यानं दगडावर ठेवलं आणि दुसऱ्या दगडानं ठेचलं. स्वतःचं बोट चेंगरलं तरी तो थांबेना. सिदूअण्णांनी पुन्हा काठी उगारली. एवढ्यात धुरपताबाई बाजेवरून खाली पडल्या आणि सरपटत मध्ये आल्या. उगारलेली काठी त्यांच्याच खांद्यावर बसली.

सिदूअण्णांनी काठी टाकून दिली. धुरपताबाई लेकाचे पाय कवटाळून बसल्या.

"मला पाय असता तर तुज्या वाटचंबी म्याच चालले असते रं," त्या म्हणाल्या.

मल्हार ढसाढसा रडला. सिस्टरनी त्याला उठवलं. "मधुमेह झाला म्हंजी पाय गेला, असं न्हाय, मल्हारभाऊ. पण आता गोळ्या आल्या, पथ्य आलं, आन बारीक जखमबी लपवायची न्हाय."

आता त्याच्या मनगटावर नवा पट्टा आहे. मी धुरपताबाईंच्या सुईदोऱ्याच्या डब्यात पडून असतो. मल्हार रोज बापाच्या मागं माळावर चालून येतो. घरी आला की आई त्याचे तळवे मांडीवर घेते आणि बोटाबोटांत बघते. परवा टाचेवर एक जखम सापडली. घाबरून आधी तिनं ती जखम पदरानं झाकली, मग लगेच सिस्टरांना फोन लावायला सांगितला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाच्या मनगटावर माझं भावंड असेल, तर नुसता आकडा बघून टाळ्या वाजवू नका; त्यांच्यासोबत चालायला निघा. आम्हा पट्ट्यांना जपलं नाही तरी चालेल. ज्या पायांसाठी आम्हाला घडवलं, ते पाय तेवढे जपा.