चांगोकाकांच्या ओटीवरची निळी रेघ

चांगोकाकांच्या घराला पुढून चांगली लांबलचक ओटी होती आणि समोरून खालापूरच्या बाजाराकडे जाणारा रस्ता. ओटीवरच्या खाटेवर बसलं की कोण कुणाकडे निघालंय, कुणाच्या पिशवीत मासळी आहे आणि कुणाची पिशवी नुसतीच फुगलीय, सगळं कळायचं. शेती मुलाने दुसऱ्याला कसायला दिल्यापासून काकांना एवढाच उद्योग उरला होता, पण काका तो मन लावून करत. जोडीला पोशा होताच. दोघांनी एकत्र गुरं राखली होती, आता एकत्र रस्ता राखत होते.

त्यात सुनेने, हर्षलाने, कर्जतला पार्लरचा कोर्स केला आणि ओटीचा अर्धा भाग मागितला. काकांना नाही म्हणता येईना. "माझी सून हुशार हाय," असं त्यांनीच गावभर सांगून ठेवलं होतं. मुलगा नीलेश साजगावच्या कारखान्यात कामाला. तिथे मशिनी ज्या खोक्यांतून येतात त्यांचं पाइनचं लाकूड त्याने विकत घेतलं आणि टेंपोतून आणून अंगणात टाकलं. लाकडाची चौकट उभी करायची, तिला दोन्हीकडून प्लाय मारायचा, झाली भिंत.

मोरू सुतार आला. त्याने आधी वर तुळईवर पेन्सिलीने खुणा केल्या, मग त्या खुणांवरून ओळंबा सोडून खाली लादीवर ठिपके घेतले. निळीत बुडवलेला दोरा ताणून एक टोक काकांच्या हातात दिलं आणि मधोमध धरून टण्णकन सोडला. लादीवर सरळ निळी रेघ उमटली.

"हिच्यावर उद्या खालची पट्टी ठोकायची," मोरू म्हणाला. "पट्टीवर दोन दोन फुटांनी उभे खांब. तोवर कुणी पाय पुसू नका हिच्यावर." आणि स्क्रू आणायला निघून गेला.

दुपारी हर्षला आरसे बघायला बाजारात गेली, सोनूकाकी मागच्या दारी भांडी घासत होत्या. काका खाटेवरून उठले. रेघेकडे त्यांनी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"पोशा, माझी बाजू बारकी वाटते."

"तुझं पोट मोठं हाय, म्हणून वाटते."

"दोरा धर."

"हे पाप हाय रं, चांगो."

"पाप कसलं? ओटी माझी, घर माझं."

"मग सगल्यांसमोर कर ना!"

काकांनी दोऱ्याचं टोक त्याच्या हातात कोंबलं. ओल्या फडक्याने रेघ पुसली आणि सुनेच्या बाजूला वीतभर सरकवून नवी मारली. रेघ जरा थरथरली, पण उमटली. पोशा घाईघाईने घरी गेला.

संध्याकाळी भात वाढताना सोनूकाकींचं लक्ष नवऱ्याच्या बोटांकडे गेलं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, दोन्ही निळीच्या डबीतून काढल्यासारखी. त्यांनी आमटी नेहमीपेक्षा जरा जास्त वाढली.

सकाळी काका दूध घेऊन परतले तोवर मोरू हजर होता आणि खालची पट्टी ठोकून मोकळा झाला होता. काकांनी पाहिलं आणि दुधाची पिशवी हातातच राहिली. पट्टी त्यांच्याच बाजूला घुसली होती! काल पुढे ढकललेली रेघ आज मूळ जागेच्याही मागे, थेट खाटेच्या पायापर्यंत आली होती. तोंड उघडावं तर मोरू विचारणार, काका, तुम्हाला कशी ठाऊक मूळ जागा? एवढी बारीक नजर कशाला होती? काका खाटेवर बसले. हर्षला आरशावरचा कागद सोडत होती. तिच्याकडे ते असे बघत राहिले, की बिचारीने दोनदा विचारलं, "बाबा, चहा कमी गोड झाला काय?"

मग मोरूने पहिला उभा लावायला घेतला. वरच्या खुणेवरून ओळंबा सोडला, तर वजन पट्टीपासून चांगलं वीतभर लांब लोंबायला लागलं. मोरूने दोरी बघितली, तुळई बघितली, पट्टी बघितली.

"काकी," तो आत ओरडला, "रात्री भूकंप झाला काय वो तुमच्याकडं? तुळई हाय तिथंच हाय, खालची जमीन तेवढी सरकली!"

काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "जमीन नाय सरकली रं. रेघ मी सरकवली. ते दुधाला गेले तवा. दुसरं टोक शेजारच्या चिंधीनं धरलं."

"तू?" काका उसळले.

"आन् कालची कुणी सरकवली? बोटं दाखवा."

काकांनी हात मांडीखाली घातले. मोरू इतका हसला, की त्याला हातोडी खाली ठेवावी लागली. हर्षलाला आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा ती हसली नाही. खाटेच्या कडेला येऊन बसली.

"बाबा, जागा कमी पडते काय तुम्हाला? मी एक खुर्ची कमी ठेवीन."

"जागेचं नाय गं."

"मग?"

काकांनी निळं बोट ओटीच्या पायरीकडे केलं. "पायरी तुझ्या बाजूला जाते. येणारंजाणारं सगलं तुझ्या दारानं येणार. मी आन् पोशा या कोपऱ्यात. कोण हाक मारंल आम्हाला?"

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. हर्षला उठली, निळीचा दोरा उचलला आणि मोरूला म्हणाली, "मोरूदादा, भिंत पायरीपर्यंत नेलीच नाय तर? इथं वळवायची. ओटीचा पुढचा भाग पूर्ण बाबांचा. माझं दार आतल्या बाजूला. कोणी पण येऊ दे, बाबांच्या समोरूनच येईल."

"वळण म्हणजे एक कोपरा वाढला," मोरू डोकं खाजवत म्हणाला. "कोपऱ्याला दोन जास्तीचे उभे लागतील."

"लाकूड पडलंय अंगणात."

"म्हणजे मी तुझा वॉचमन?" काकांनी संशयाने विचारलं.

"वॉचमन कशाला? मोठ्या पार्लरात पुढं बसतात ना, तसं."

या वेळी दोरा चौघांनी मिळून मारला आणि पुसायचं फडकं काकींनी स्वतःच्या कमरेला खोचून ठेवलं. ठोकलेली पट्टी मोरूने कुरकुरत उपटली, भोकं सिमेंटने बुजवली. संध्याकाळपर्यंत चौकट उभी राहिली: खाली पट्टी, वर पट्टी, मध्ये उभे, दाराच्या दोन्ही बाजूंना दुहेरी लाकूड. पोशा पाहायला आला, तो सरळ कोपऱ्यातल्या दोन उभ्यांच्या अरुंद फटीतून आत शिरला आणि मध्येच अडकला. काकांनी त्याला ओढून काढला आणि पोटावरून दिवसभर पुरेल एवढं ऐकवलं.

पुढल्या आठवड्यात प्लाय लागला, रंग झाला, पार्लर सुरू झालं. पहिल्या दिवशी सकाळीच चिंधीकाकू भुवया करायला आल्या. पायरी चढल्या आणि समोर काका.

"बसा," काका म्हणाले. "तुमच्या पोरीचं काय ठरलं मग, साजगावच्या स्थळाचं?"

चिंधीकाकू बसल्या. स्थळाचं सांगून झालं, मग स्थळाच्या आत्याचं निघालं, मग पोशाने त्या आत्याच्या नवऱ्याचं काढलं. आत हर्षला दोरा दातात धरून खुर्चीमागे उभी होती. शेवटी तिने दारातून डोकं बाहेर काढलं.

"बाबा, गिऱ्हाईक सोडा आता!"

"थांब गं," काका म्हणाले, "महत्त्वाचं चाललंय."