झोपवून ठेवलेली विजेरी

मित्रांनो, ज्या खणात बोथट कात्र्या, सुटी बटणे आणि काडेपेटी ठेवलेली असते, त्या खणात मागच्या कोपऱ्यात मी असते. मी एक जुनी विजेरी आहे. पत्र्याची, दोन सेलची. माझ्या अंगावरची चकाकी आता फक्त खटक्याच्या कडेला उरली आहे. तुम्हाला वेळ असेल तर माझी हकीकत ऐका.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. यंत्राने पत्र्याची नळी केली, एका बाईने आत स्प्रिंग बसवली, दुसरीने काच पुसून झाकण आवळले. कुणीतरी खटका पुढे सरकवून पाहिला, मी पेटले, आणि त्याच क्षणी मला विझवून खोक्यात घातले. इतरांसाठी पेटायचे आणि काम झाले की गप्प बसायचे, हे मी तिथेच शिकले.

मला विकत घेतले एका शिंप्याने. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिवणयंत्रावर दिवसभर वाकून त्यांची पाठ धरायची, म्हणून दुकान बंद असलेल्या दिवशी ते संध्याकाळी गावामागच्या डोंगरावर जात. सोबतीला शेजारचा न्हावी आणि औषधांच्या दुकानाचा मालक. वर खडकावर बसून सूर्यास्त पाहायचा आणि उतरायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम. चढताना उजेड असे, त्यामुळे माझी आठवण कुणालाच नसे. उतरताना मात्र तिघांच्या तोंडी मीच.

"मास्तर, बाई कुठं आहेत तुमच्या?" असे न्हावी विचारायचा. बाई म्हणजे मी.

मास्तरांची उतरण्याची एक रीत होती. ते मला घेऊन चार पावले पुढे उतरत, थांबत, वळत आणि मागच्यांच्या पायांपाशी उजेड धरत. ते दोघे पोचले की पुन्हा चार पावले. स्वतःच्या पायांपुढे त्यांनी मला क्वचितच धरले.

दुसरी रीत माझ्याबाबतची. पिशवीत खटका चुकून सरकला तर सेल वाया जातात, म्हणून घरी आले की ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत, माझे मागचे झाकण फिरवत, एक सेल काढून उलटा घालत आणि म्हणत, "झोप आता." उलट्या सेलवर खटका कितीही सरकवला तरी मी पेटत नाही. पुढच्या वेळी बूट घालून झाले, नाड्या बांधल्या, की दारातच ते सेल सुलटा करत. मी जागी.

त्यांच्या पत्नीला सगळे काकू म्हणत. "झोप आता" ऐकले की त्या भांडी विसळता विसळता म्हणत, "इतक्या प्रेमाने कधी मला म्हणालात का हो?"

"तुझा खटका कुठं आहे ते सापडलं नाही अजून," मास्तर म्हणत.

काकू मात्र कधी डोंगरावर गेल्या नव्हत्या. त्यांचा एक नेम होता. अंधार पडायच्या आत घरात दिवा लावायचा, तोही स्वतःच्या हाताने, आणि लावलेला दिवा उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही. सूर्य मावळायचा तेव्हा त्यांच्या हातात काडी असायची. मग तो काचेचा दिवा डोंगराकडच्या खिडकीत ठेवून त्या डोंगरवाटेच्या वळणाकडे बघत बसत. वळणावर माझा उजेड दिसला की पोळ्यांना हात घालत. नेम त्यांना जड नव्हता. पण मास्तर वरून आले की त्या दर वेळी एकच विचारत, "आज कसा होता?"

आणि मी? मीही त्यांच्याच रांगेतली. इतक्या वेळा डोंगर चढले, पण सूर्य बुडेपर्यंत पिशवीतच. सूर्यास्त मी पाहिलेला नव्हता.

पुढे मास्तरांचे गुडघे गेले. डोंगर बंद झाला. एके दिवशी चहा पिता पिता ते काकूंना म्हणाले, "आज तू जा. सूनबाईला घेऊन जा."

"आणि दिवा?"

"मी लावतो. माझ्या हाताला काही काटे आलेले नाहीत."

"तुम्ही वात फार वर करता. काच काळी होते."

"नाही करत. जा गं. मी तुला नुसतं सांगून सांगून दमलो."

काकू उठून केस बांधू लागल्या. मास्तरांनी मला खणातून काढून त्यांच्या हातात दिले. स्वतः बूट मात्र घातले नाहीत, कारण त्यांना कुठे जायचे नव्हते. आणि बूट घातले नाहीत म्हणून हाताला पुढचे काम आठवले नाही. मी झोपलेलीच दाराबाहेर पडले.

काकूंनी मला पिशवीत टाकले नाही. वर चढेपर्यंत हातात घट्ट धरून ठेवले. त्यामुळे मित्रांनो, मी पेटले नसले तरी माझी काच उघडी होती. सूर्य खाली आला, चपटा झाला, दूरच्या टेकडीला टेकला आणि बघता बघता गेला. त्यानंतरच आकाशाला खरा रंग चढला. काकूंनी हात जोडले. मी त्या दोन तळव्यांच्या मध्ये होते.

"आई, रडताय?" सुनेने विचारले.

"नाही गं. रोज हे इथं होत होतं, आणि मी तिकडे काडी ओढत होते. दोन्ही एकाच वेळी. गंमत वाटली."

त्या रंग विझेपर्यंत बसल्या. उठल्या तेव्हा पायवाट दिसेनाशी झाली होती. एका बाजूला सुटी खडी, दुसऱ्या बाजूला उतार. काकूंनी खटका सरकवला. काही नाही. पुन्हा सरकवला. सुनेने मला हातावर आपटून पाहिले. हातातल्या फोनला दिवा नसायचा असे ते दिवस.

"सेल संपले वाटतं. आई, आता हो काय करायचं? बसत बसत उतरू या का?" सुनेचा आवाज बारीक झाला होता. तिने पाऊल टाकले, खडी घरंगळली आणि ती मटकन खाली बसली.

"हलू नकोस," काकू म्हणाल्या. खाली गावात त्यांच्या खिडकीत एक पिवळा ठिपका लागलेला होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अगं, ही झोपलेली आहे."

"कोण?"

"तुझी शाल पसर माझ्या मांडीवर. स्प्रिंग उडाली तर सापडायची नाही."

त्यांनी ते काम कधी केले नव्हते. नुसते दर वेळी पाठमोऱ्या उभ्या राहून ऐकले होते. झाकण किती वेळा करकरते, सेल टेबलावर कसा टेकतो. त्यांनी बोटांनी झाकण फिरवले, सेल शालीत घेतला, त्याचा उंचवटा चाचपला, उलटा होता तो सुलटा केला आणि झाकण आवळले.

मी पेटले. सून रडली आणि हसली.

मग काकू चार पावले पुढे उतरल्या, थांबल्या, वळल्या आणि सुनेच्या पायांपाशी उजेड धरला. ही रीतही त्यांना कुणी शिकवली नव्हती. इतकी वर्षे त्यांनी ती खिडकीतून पाहिली होती.

मात्र वळणापाशी पोचेपर्यंत खिडकीतला ठिपका नाहीसा झाला होता. काकू भरभर उतरू लागल्या. डोंगराच्या पायथ्याशी, वाटेच्या सुरुवातीच्या दगडांवर, कुणीतरी दिवा घेऊन बसले होते. पायांत घरातल्या सपाता.

"अहो! तुम्ही इथं?"

"वळणावर उजेड येईना. मग माझे बूट दिसले," मास्तर धापा टाकत म्हणाले. "मी तिला जागं केलंच नाही गं. वर यायला निघालो, पण हे गुडघे..."

"आम्ही केलं जागं. पण हा दिवा उंबऱ्याबाहेर काढलात तुम्ही?"

मास्तरांनी मान खाली घातली. काकूंनी दिवा हातात घेतला. काच पार काळी झाली होती. त्यांनी वात जराशी खाली केली.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. मग मला त्यांच्या पायांपाशी धरले आणि पुढे झाल्या.

मास्तर आता नाहीत. काकू नेमाने दिवा लावतात, आणि अधूनमधून माझे सेल बदलून एक उलटा घालून ठेवतात. मघाशी नातीने खण उघडला, माझा खटका दोनदा सरकवला आणि म्हणाली, "आजी, ही मेली."

"मेली नाही. आण इकडे. आधी मांडीवर कापड घे."

मित्रांनो, वस्तू जपून ठेवता हे चांगलेच. पण कशी जपली आहे, तेही घरात कुणाला तरी सांगून ठेवा. माझ्यासारख्या मुक्या वस्तूला ते सांगता येत नाही.

नातीने माझे झाकण आवळले आहे. आजीचा दिवा अजून लावायचा आहे, बाहेर डोंगरावर ऊन कलते आहे, आणि दारात बसून नात बुटांच्या नाड्या बांधते आहे.