महेश्वरीने धरलेली शिडी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे, वेळूची. जळकोट गावात, एका घराच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असते. ऊन-पावसाने माझा रंग राखेसारखा झाला आहे. येणारे-जाणारे माझ्यावर ओले फडके वाळत घालतात. मला त्याचे काही वाटत नाही.

माझा जन्म नळदुर्गच्या एका बुरुडाच्या अंगणात झाला. त्याने माझे वेळू जाळावर शेकून सरळ केले आणि एकेक पायरी ठोकून बसवली. या घरच्या शिवानंदच्या वडिलांनी मला बैलगाडीतून घरी आणले. त्या दिवसांत माझा थाट होता. चिंचा झोडपायला, मठाच्या दारावर तोरण बांधायला, पत्र्यावर सटकलेला दगड ठेवायला गल्लीतले सगळे मलाच मागून नेत. "शिवानंदच्या घरची शिडी हलत न्हाय," असे लोक म्हणत, तेव्हा मी आणखी ताठ उभी राही.

वडील वारल्यावर शिवानंद ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायचे काम शिकला. त्याचा हात सफाईदार होता. मदतीला त्याची बायको महेश्वरी असे. तो माझ्यावर चढे, ती खाली मला धरून उभी राही. एक पाय माझ्या पायाला अडवून लावायची, दोन्ही हात घट्ट, आणि नजर वर. किती घरांच्या खिडक्या आम्ही तिघांनी मिळून बसवल्या!

मग हमरस्त्यावरच्या एका लॉजचे काम आले. मालक अमरसिंह. लॉज दोन मजली, खिडक्या लाकडी, वाळवीने खाल्लेल्या. त्या काढून सगळीकडे नव्या बसवायच्या होत्या. खालच्या मजल्यापर्यंत ठीक चालले. वरच्या मजल्याकडे पाहून शिवानंद म्हणाला, "मालक, इथं शिडी पुरायची न्हाय. लोखंडी परांची भाड्यानं आणावी लागंल. कंबरेचा पट्टाबी लागंल."

अमरसिंह खुर्चीत बसून बडीशेप चघळत होते. ते हसले. "खिडक्या बदलायच्यात का देवळाला कळस चढवायचाय? तुला परांची पाहिजे तर खुशाल आण. भाडं तुझ्या मजुरीतून कापीन."

शिवानंदने महेश्वरीकडे पाहिले. भाडे कापले तर एवढ्या दिवसांच्या राबण्यातून हाती काहीच उरत नव्हते. लॉजच्या मागे एक आखूड शिडी पडली होती. त्याने ती दोरीने माझ्या डोक्यावर बांधली.

मित्रांनो, मी एका मजल्याची शिडी. माझे अंग त्या ओझ्याने वाकत होते. पायाखाली अमरसिंहांनी हौसेने घातलेली गुळगुळीत फरशी होती, तिच्यावर माझे पाय ठरत नव्हते. पण महेश्वरीने मला धरले होते. तिच्या तळहातांना घाम येई, ती एकेक हात पदराला पुसे आणि पुन्हा धरी. तिच्या जिवावर मी उभी राहिले आणि एकेक खिडकी बसत गेली.

शेवटची खिडकी राहिली होती, कोपऱ्यातली. शिवानंद सगळ्यात वर होता, दोन्ही हातांत नवी चौकट. इतक्यात अमरसिंहांची गाडी आवारात शिरली. आत पाहुणे होते. वाटेत जुन्या खिडक्यांच्या काचा रचून ठेवल्या होत्या.

अमरसिंहांनी गाडीची काच खाली करून हाक मारली, "ए बाई, त्या काचा उचल आधी! टायर फाटंल."

"मालक, शिडी धरलीया," महेश्वरी म्हणाली.

"शिडी काय पळून जाती का? पाहुणे खोळंबलेत. उचल म्हणतो ना!"

तिने वर पाहिले. वरून शिवानंद म्हणाला, "जा, उचल पटकन. म्या दम धरतो."

तिने हात सोडले.

ती काचांपर्यंत पोचलीही नव्हती. माझे पाय फरशीवरून घसरले. मी खूप प्रयत्न केला, पण वेळूला नखे नसतात. शिवानंद पाठीवर पडला. चौकट त्याच्या शेजारी आपटली. महेश्वरी ओरडत धावली. अमरसिंह गाडीतून उतरले, जवळ आले आणि आधी चौकटीकडे वाकून म्हणाले, "वाकली का बघा रे."

नंतर त्यांनी माणसांना सांगितले, "ती दोरी सोडा. दोन शिड्या बांधलेल्या कुणाला दिसायला नकोत." शिवानंदला सोलापूरला नेले आणि मला त्याच दिवशी टेम्पोतून आणून या भिंतीजवळ टाकून दिले.

शिवानंद परत आला तो उचलून आणलेला. कंबरेखाली त्याला काही कळत नव्हते. इथे मागच्या अंगणात बाज टाकली, तेव्हापासून तो तिच्यावरच आहे. एक दिवस अमरसिंह हवालदाराला घेऊन आले. बाजेच्या उशाशी उभे राहून मायेने बोलले, "शिवा, दवाखान्याचं मीच बघितलं. पुढचंबी बघीन. आता साहेबांना काय ते नीट सांग."

शिवानंद बाजेच्या नवारीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बायकोच्या हातनं शिडी सुटली."

"तिला कुणी हाक मारली होती का?" हवालदाराने विचारले.

"न्हाय. कुणीच न्हाय."

महेश्वरी उंबऱ्यात चहाचे कप घेऊन उभी होती. "अवो," ती म्हणाली, "तुमीच म्हणलाव की जा म्हणून. मालकानं हाक मारली, तुमी वरून..."

शिवानंदने मान भिंतीकडे वळवली. हवालदाराने चहा घेतला.

त्या दिवसापासून शिवानंदच्या आईने, नागम्माने, सुनेचे नाव घेणे सोडले. "हात सोडणारी" म्हणू लागली. हौदावर, गिरणीत, सगळीकडे तेच नाव गेले. नागम्मा तिच्या हातचे पाणीसुद्धा घेईना. महेश्वरी दिवसभर दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाई, येऊन नवऱ्याला पुसून काढी आणि कुशीवर वळवी.

प्रकरण मिटल्यावर अमरसिंहांचे येणे थांबले. मग औषधे थांबली. फोन लागेना. तेव्हा शिवानंद बायकोला म्हणाला, "ठाण्यात जा. म्या आता खरं सांगतो." ती गेली. तिथे तिला सांगितले, "तुझ्या नवऱ्यानं एकदा सांगितलंय. आता त्याचं कोण ऐकणार?" येताना बसमधून तिला लॉज दिसला. रंगकाम चालले होते. भिंतीला तळापासून माथ्यापर्यंत लोखंडी परांची लावली होती आणि रंगाऱ्यांच्या कंबरेला पट्टे होते. पाटी नवी, दिव्यांची. कोपऱ्यातली खिडकीही बसली होती. घरी येऊन तिने शिवानंदला हे सांगितले.

मागच्या पावसाळ्याआधी घराच्या मातीच्या माळवदाला गळती लागली. माती टाकायला दुसरे कुणी नव्हते. महेश्वरीने मला भिंतीला लावले, घमेले डोक्यावर घेतले आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, जरा धरा."

नागम्माने तोंड वाकडे करून मला धरले. तिचे हात म्हातारे, पण पकड चांगली होती. महेश्वरी निम्म्याच्या वर गेली. तेवढ्यात बाजेवरून शिवानंदची हाक आली, "आई, पाणी! ठसका लागलाय!"

नागम्मा मला सोडून धावली.

मी हलले. डोक्यावरचे घमेले खाली पडले. महेश्वरीने भिंतीतला एक दगड पकडला आणि ती तशीच लोंबकळल्यासारखी चिकटून राहिली. या वेळी खाली माती होती, फरशी नव्हती. माझे पाय रुतले आणि आम्ही दोघी वाचलो.

नागम्मा परत आली. पडलेले घमेले पाहिले, वर सून पाहिली. "म्या हात सोडला न्हाय गं," ती घाईने म्हणाली, "त्यानं हाक मारली म्हणून..."

वाक्य तिच्या तोंडात तसेच राहिले.

"व्हय," महेश्वरी वरून म्हणाली. "हाक मारली."

ती हळूहळू उतरली आणि सांडलेली माती परत घमेल्यात भरू लागली. बाजेवरचा खोकला थांबला होता. शिवानंदने सगळे ऐकले होते.

मित्रांनो, आता तुम्हाला वाटेल की नागम्मा बदलली. दोन दिवस तिने "हात सोडणारी" म्हटले नाही. तिसऱ्या दिवशी शेजारची शांताक्का आली आणि नागम्मा तिला म्हणाली, "माझ्या लेकाचं वाटोळं हिनंच केलं, हात सोडला." फक्त आवाज पूर्वीपेक्षा खालचा होता, आणि बोलताना ती माझ्याकडे पाठ करून बसली होती.

मी आता फार दिवस टिकणार नाही. माझी काळजी घ्या असे मी म्हणत नाही. मला चुलीत घातले तरी चालेल. एवढेच मागते. तुमच्या घराच्या वरच्या खिडकीपर्यंत कुणाला चढवाल, तर त्याच्या पायाखालच्या परांचीचा खर्च त्याच्या मजुरीवर टाकू नका. खिडकी तुमची आहे. आणि खाली कुणी शिडी धरून उभे असेल, तर तुमचे काम कितीही घाईचे असो, त्या माणसाला हाक मारू नका.