दुसऱ्या नजरेची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. पोलिसांच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलापाशी असते. माझी कहाणी सांगताना मान वर होत नाही, पण सांगते.

मित्रांनो, गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या केसावरून, रक्तावरून माणसाचा डीएनए काढतात आणि तो कुणाशी जुळतो ते पाहतात. आमच्या खोलीत हेच काम चाले. पहिल्या खुर्चीवरचा माणूस जुळवणी करी. माझ्यावर बसणारा दुसरा माणूस तीच जुळवणी नव्याने तपाशी. 'आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून' म्हणतात ना, आमच्याकडे त्याचाच पगार मिळे! माझ्यावर बसणारे काका भारी चिकित्सक. त्यांनी चूक पकडली की माझाच तोरा वाढायचा.

काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणाला नेमलं नाही, कुणाला शिकवून तयार केलं नाही. पहिल्या खुर्चीवरच्या ताई एकट्या उरल्या आणि वरून सारखी घाई. मग ताई जुळवणी करत, उठत, माझ्यावर येऊन बसत आणि म्हणत, "चला, आता मी दुसरी!" मला तेव्हा हसू येई. शी! कसली निर्लज्ज मी!

एकदा एका दुकानात चोरी झाली. तिथे काम केलेल्या गवंड्याने चौकशीपुरता आपला नमुना दिला. ताईंच्या हातून त्याच्या नमुन्याची नळी संशयिताच्या नळीशी बदलली गेली. माझ्यावर बसूनही त्यांना ते दिसलं नाही. आपलीच चूक आपल्याला कशी दिसणार? दुकानात सापडलेला डीएनए गवंड्याच्या नावावर जुळला आणि तो तुरुंगात गेला.

पुढे गवंड्याच्या अर्जावरून कोर्टाने बाहेरच्या तपासनीस बाईंना पाठवलं. त्यांनी सगळं पुन्हा तपासलं, नळ्यांची अदलाबदल पकडली आणि विचारलं, "हे पहिल्यांदा कोणी पाहिलं?"

"मी," ताई म्हणाल्या.

"आणि दुसऱ्यांदा?"

"तेही... मीच."

गवंडी सुटला. सुधारलेला अहवाल न्यायला त्याची बहीण आली. शिपायाने मलाच पुढे सरकवलं. "बसा बाई."

ती बसली नाही. म्हणाली, "बाबा गेले तेव्हा दादा आत होता. शेवटपर्यंत दाराकडे बघत होते हो! तपासायला कुणीच नव्हतं का इथं?"

ताई ढसाढसा रडल्या. भुईने मला पोटात घ्यावं, असं झालं.

मित्रांनो, मला नवी गादी नको, रंग नको. नीट शिकलेला दुसरा माणूस द्या. तो मिळेपर्यंत मला रिकामीच राहू द्या. रिकामी खुर्ची निदान खोटं तरी बोलत नाही.