नाव गाळलेली ओळ

घाटकोपरच्या पंतनगरात सपना खरातच्या घरी टीव्हीखालच्या कपाटात एकसष्ट रेकॉर्डी होत्या. तिच्या अण्णांनी, दशरथ खरातांनी, टेलिफोन खात्यात लाइनमन असताना सुट्टीच्या दिवशी चोरबाजार पालथा घालून त्या जमवलेल्या. सगळी भीमगीतं आणि जलशाची गाणी. त्यातली एक त्यांच्या थोरल्या भावाची. रतनकाकांची आयुष्यात ती एकच रेकॉर्ड निघाली आणि चार वर्षांत ते काविळीनं गेले. चौदा एप्रिलच्या सकाळी अण्णा ती स्वतःच्या हातानं लावायचे. एरवी तिला कुणी हात लावायचा नाही.

सपनाला डीजे व्हायचं होतं, तेही लॅपटॉपवर नाही, रेकॉर्डीवर. अंधेरीच्या नोकरीत तिला केयूर भेटला. विलेपार्ल्याला त्याच्या खोलीत दोन टर्नटेबल, मधे मिक्सर आणि भिंतभर रेकॉर्डी. शनिवारी ती तिकडे जाऊन शिकायला लागली. हात बसला, कान तयार झाला. एक दिवस केयूर म्हणाला, "तुझ्या बाबांचं कलेक्शन ऐकव ना यार. असं काही इथे कुणाकडेच नाहीये."

अण्णांनी दोन दिवस विचार केला. मग जुन्या धोतराच्या फडक्यात एकेक गुंडाळून त्यांनी बारा रेकॉर्डी दिल्या. रतनकाकांची शेवटी दिली. "तुझ्याकडे देतोय," ते म्हणाले. "त्याच्याकडे नाही."

केयूरनं सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. रतनकाकांच्या गाण्यातली हलगी त्याला फार आवडली. ती नेमकी कुठे कापली की ठेका फिरवून जोडता येतो, हे त्याला सपनानंच दाखवलं. महिन्याभरानं त्यानं त्यातून बनवलेला तुकडा ऐकवला तेव्हा हेडफोन न काढताच ती म्हणाली होती, "झकास!"

मेच्या एका रविवारी दुपारी अंधेरीच्या एका कॅफेत केयूरचा कार्यक्रम ठरला. सपना अण्णांना घेऊन गेली. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते पुढच्या खुर्चीत ताठ बसले. कॉफीचे कप घेतलेली पंचवीस-तीस तरुण मंडळी आजूबाजूला उभी होती.

"हा आवाज मला भंगारात सापडला," केयूर माइकवर म्हणाला. "गाणारा कोण, कुणालाच माहीत नाही."

सपनाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तेवढ्यात हलगी कडाडली आणि रतनकाकांचा आवाज आला.

पाटी आली हाती माझ्या...

अण्णांचे ओठ हलले. पुढचा शब्द त्यांच्या तोंडात तयार होता. पण आवाज पुन्हा मागे गेला. हाती माझ्या, हाती माझ्या, पाटी आली हाती माझ्या. लोक डोलायला लागले. कुणीतरी शिट्टी मारली. अण्णा वाट बघत होते. चार मिनिटं गाणं त्याच ओळीवर गरगरत राहिलं. 'भीमरायामुळं' हा शब्द शेवटपर्यंत आला नाही.

टाळ्या संपायच्या आत सपना केयूरसमोर उभी राहिली. "भंगारात? आणि भीमरायाचं नाव का काढलंस?"

"अगं, स्टोरी लागते लोकांना," तो हेडफोनची वायर गुंडाळत म्हणाला. "आणि तो शब्द आला ना, की क्राउड थबकतं. पॉलिटिकल होतं सगळं. शिवाय बीट तुटत होता."

"बीट तुटत नव्हता. कुठे कापायचं ते मीच दाखवलं होतं तुला."

"मग तेव्हा बोलायचंस ना! ऐकवलं होतं की तुला." मग त्याचं लक्ष मागे गेलं. "अरे काका, कसं वाटलं?"

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चल," ते सपनाला म्हणाले.

रिक्षा साकीनाक्याला पोचली. मग त्यांनी विचारलं, "तू आधी ऐकलं होतंस?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली. "लक्षातच नाही आलं, अण्णा. मी हलगी ऐकत होते."

"रेकॉर्डी घेऊन ये," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती पार्ल्याला जाऊन बाराच्या बारा घेऊन आली. केयूरनं प्रत्येकीवर आपल्या कलेक्शनच्या नंबराची चिकटपट्टी लावली होती. रतनकाकांच्या रेकॉर्डवर ती नेमकी नावावर बसली होती. सपनानं खोबरेल तेल लावून हळूहळू ती सोडवली, तरी 'रतन'मधला 'र' कागदाबरोबर निघून आला. अण्णांनी रेकॉर्ड उजेडाला धरून पाहिली आणि फडक्यात गुंडाळली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

केयूरचा तुकडा नेटवर चांगला चालला. खाली त्यानं 'घाटकोपरच्या मैत्रिणीचे आभार' असं लिहिलं होतं. तिनं तीनदा मेसेज करून रतनकाकांचं नाव टाकायला सांगितलं. त्यानं अंगठा पाठवला, नाव टाकलं नाही. शनिवारी पार्ल्याला जाणं तिनं बंद केलं. स्वतःचं टर्नटेबल घ्यायचं ती घरी म्हणत होती, तो विषयही पुन्हा काढला नाही.

जूनमधल्या एका सकाळी दळण घेऊन ती जिना चढत होती, तर घरातून रतनकाकांचा आवाज आला. चौदा एप्रिल नसतानाही अण्णांनी ती रेकॉर्ड लावली होती. गाणं पूर्ण होतं, नावासकट. ती दारात थबकली, मग चपला काढून आत आली.

अण्णांनी तिला पाहिलं आणि सुई उचलली.

"लावा ना," सपना म्हणाली. "मला पण ऐकायचंय."

"तुझं ऐकून झालंय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी प्लेअरचं झाकण लावलं.