नोंद न झालेला शंख

एकतीस वर्षं त्यांनी एकाच कचेरीत आवक-जावक नोंदवही सांभाळली, म्हणून सगळे त्यांना जावकराव म्हणत. कागद पुढे कुठे गेला, कुणाच्या टेबलाखाली कुजला, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. नोंद झाली की जावकराव मोकळे. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा बायकोच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची वही त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली. तापमान, क्षार, पाण्यात काय घातलं, पाण्यातून काय काढलं, सगळं रकान्यांत.

बायकोने ती वही कधी उघडली नाही. सकाळी चहाचा कप घेऊन ती टाकीसमोर स्टुलावर बसायची. कपाचा कान कधीच तुटला होता, पण टाकून देईल तर शपथ. दोन घोट झाले की म्हणायची, "निळ्याचं आज काहीतरी बिनसलंय."

"आकडे तर ठीक आहेत," जावकराव म्हणायचे.

"मग आकड्यांना पोहायला सोडा."

फेब्रुवारीत ती गेली. त्यानंतर तीन महिने वहीत एका दिवसाचाही खाडा नव्हता. आकडे ठणठणीत होते आणि मासे मरत होते. आधी निळा, मग दोन पिवळे एकाच दिवशी. चौथा तळाशी आडवा दिसला त्या सकाळी जावकरावांनी वही बाजूला ठेवली आणि काचेला नाक लावून आत पाहिलं. शेवटचा एकच मासा उरला होता. केशरी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेली ती ठसठशीत मादी. बायको तिला ठमी म्हणायची. नऊ वर्षं ठमीने बायकोच्या बोटांतून खाल्लं होतं. आता तिच्या अंगावर मीठ भुरभुरावं तसे ठिपके होते आणि कल्ले धापा टाकल्यासारखे हलत होते.

जावकराव तसेच, घरच्या चपलांवर, माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराला अख्खा मोहल्ला डॉक्टर म्हणतो. डॉक्टरकीच्या परीक्षेत दोनदा आपटलेला माणूस, पण माशाचा फोटो बघून रोग सांगतो आणि ज्याच्यामुळे रोग आला त्याची बिनपाण्याने करतो.

"हे ठिपके आज नाही आले काका," डॉक्टर म्हणाला. "आठ-दहा दिवस झाले असतील. बघत नव्हता का?"



डॉक्टरने सगळं समजावून सांगितलं. ठमीला वेगळ्या टाकीत ठेवायचं. तिथे वाळू नको, दगड नको, फक्त प्लास्टिकच्या नळीचे दोन तुकडे, लपायला. पाण्यात तांब्याचं औषध, तेही मोजून. कमी पडलं तर रोगाचा किडा मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो. पातळी वीसवर सलग तीस दिवस टिकली पाहिजे. "एक दिवस घसरली, तर दिवस पुन्हा मोजायचे, एक, दोन, तीन. आणि ठिपके गेले म्हणून हुरळून जाऊ नका. किडा अंगावरून गळतो, तळाशी अंडी घालतो, आणि सगळं गोत घेऊन परत येतो. मोठी टाकी अडीच महिने बिनमाशाची ठेवा. खायला मासाच मिळाला नाही, की तिथला वंश आपोआप संपेल."

हे काम जणू जावकरावांसाठीच जन्माला आलं होतं. बायकोच्या खोलीतलं शिलाई मशीन भिंतीला सरकवून त्यांनी तिथे लहान टाकी मांडली. नवी वही काढली. सकाळ-संध्याकाळ काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकायचे, पाणी निळसर झालं की रंग तक्त्याशी जुळवायचा, आकडा लिहायचा.

मुलगी दुसऱ्या शहरात असते. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "आज किती, बाबा?"

"वीस."

"माशाचं नाही विचारत. तुमच्या पोटात किती पोळ्या गेल्या?"

"त्याचा रकाना नाही," जावकराव म्हणायचे, आणि तिकडून हसू आलं की त्यांनाही जरा बरं वाटायचं.

पाचव्या दिवशी ठिपके गेले. जावकराव हुरळले नाहीत. पण सहाव्या दिवशी सकाळी आकडा चौदा आला. त्यांनी औषध घातलं, नोंद केली. संध्याकाळी वीस, दुसऱ्या सकाळी पुन्हा पंधरा. नवी बाटली आणली, थेंबांचा नवा संच आणला, वहीत शेरा मारला: 'बाष्पीभवनामुळे घट.' बाराव्या दिवशी ठमीच्या शेपटीवर सात ठिपके होते. तेराव्या दिवशी तिने खाणं सोडलं.

तेव्हा त्यांनी डॉक्टरला घरी बोलावलं. खरं तर झाडायलाच बोलावलं होतं. "तुमचं औषध पाणचट आहे," दारातच सुनावलं त्यांनी.

डॉक्टरने वही मागितली. पानं उलटली, बोट फिरवत खाली आला आणि एका ओळीवर थांबला.

"काका, पाणी उडतं. तांबं उडत नाही. पाणी आटलं तर आकडा वाढायला हवा. तुमचा खाली जातोय." त्याने मान वर केली. "या वहीत नाही असं काय घातलंय टाकीत?"

जावकराव खिडकीकडे बघत राहिले. डॉक्टर टाकीपाशी गेला आणि वाकला. मागच्या कोपऱ्यात, नळीच्या तुकड्याआड, मुठीएवढा पांढरा शंख होता. ठमी त्याच्या तोंडाशी कलंडून टेकली होती.

"हा?"

"मोठ्या टाकीत ती यातच झोपायची," जावकराव म्हणाले. "हिने आणला होता तिच्यासाठी. इथे आल्यावर नळीत जाईना. तीन दिवस कोपऱ्यात तोंड खुपसून उभी होती. मला बघवेना."

"लिहिलं का नाहीत?"

"काय लिहायचं? काही औषध आहे का ते?"

डॉक्टरची जीभ नेहमी तिखट. आज ती जरा अडखळली. "शंख तांबं पितो, काका. म्हणून तर सांगितलं होतं, दगड नको. दगड काय, पोवळं काय, शंख काय, एकाच जातीचं. तुम्ही वीस घालत होता, तो रोज पाच-सहा पिऊन टाकत होता. मासा औषधात होता असं तुमच्या वहीला वाटत होतं."

जावकरावांनी बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. ठमी बाजूला झाली नाही. त्यांना बोटाने तिला हलकेच लोटावं लागलं.

"आणि हा आता मोठ्या टाकीतही नको," डॉक्टर म्हणाला. "पोटात तांबं घेऊन बसलाय. तिथली पोवळी, गोगलगाई, सगळं मारेल."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

शंखातून पाणी ठिबकत होतं. जावकरावांनी तो शिलाई मशीनच्या फळीवर पालथा ठेवला, खाली फडकं घालून.

"ती अजून तीस दिवस काढेल?"

"भरवसा देत नाही. पण लपायला जागा हवी तिला, हे तुमचं बरोबर होतं. चिनीमातीचं काहीही चालेल. चकाकी असलेलं, ते काही पीत नाही." डॉक्टर निघाला, दारात थांबला. "काका, मी रागावलो तर..."

"नाही. वेळेत रागावणारं माणूसच राहिलं नव्हतं घरात."

तो गेल्यावर जावकराव स्वयंपाकघरात गेले. मांडणीवर तो कप उपडा होता, फेब्रुवारीपासून. तो त्यांनी खळखळून धुतला, साबण न लावता, तीनदा. मग लहान टाकीत आडवा ठेवला, तोंड कोपऱ्याकडे करून. औषध वीसवर आणलं. आणि स्टूल ओढून समोर बसले.

दुपार सरली. ठमी शंखाच्या रिकाम्या जागेवरच घुटमळत राहिली. फोन वाजला.

"आज किती?"

"एक," जावकराव म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून. चूक माझी होती." आणि त्यांनी शंखाचं सगळं सांगितलं, अगदी वहीत न लिहिता तो आत ठेवला तेही, आणि आता त्याच्या जागी कप ठेवलाय तेही.  मुलगी म्हणाली, "आईचा कप? तो कान तुटलेला?"

"तोच. थांब." ते काचेजवळ सरकले. ठमी कपाच्या तोंडाशी आली होती. आत डोकावली, मागे झाली, पुन्हा डोकावली. मग शेपटीकडून, उलटी, हळूहळू आत सरकली, बायको शंखाबद्दल सांगायची अगदी तशीच.

"बाबा? काय झालं?"

"गेली आत."

ठिपके अजून सातच होते. त्यांनी ते दोनदा मोजले. कल्ले धापा टाकत होते, पण मघापेक्षा सावकाश, असं त्यांना वाटलं. वाटलं म्हणजे काय, त्यासाठी वहीत रकाना नव्हता. त्यांनी पट्टी घेऊन उजवीकडे एक नवा आखला, आणि 'पाण्यात काय घातलं' खाली लिहिलं: 'कप एक. हिचा.' नव्या रकान्यात लिहिलं: 'मागे होऊन आत शिरली. श्वास जरा सावकाश. खाल्लं नाही.'

मग वही मिटली, आणि उद्याच्या आकड्याची वेळ व्हायला बराच अवकाश असूनही, ते स्टुलावरून उठले नाहीत.